आकाशातून आलेला कोरा डबा

१

डबा उघडायच्या खोलीत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागे, आणि दारातल्या वाऱ्याच्या झोतात उभं राहून अंगावरची धूळ झटकून घ्यावी लागे. त्या सकाळी धूळबाईंनी हे सगळं इतक्या घाईनं उरकलं की त्यांची टोपी वाकडी बसली. त्यांच्या सहायिकेनं, छोटीनं, ती सरळ करून दिली. काचेपलीकडे केंद्राचे संचालक उभे होते. त्यांच्या शेजारी धूळबाईंचे यजमान होते. फुगे आकाशात सोडण्याचं काम त्यांचं, म्हणून सगळं केंद्र त्यांना कप्तान म्हणे.

आदल्या दिवशी हा डबा जमिनीपासून पस्तीस किलोमीटर उंचावर होता. एका प्रचंड फुग्याखाली लटकून तो तिथवर गेला होता, जिथे भर दुपारी आकाश काळं असतं आणि हवा जवळजवळ नसतेच. तिथे डब्याचं झाकण आपोआप सरकलं, तेलाचा पातळ थर दिलेल्या काचेच्या तबकड्या बाहेर आल्या आणि काही तास तशाच उघड्या राहिल्या. धूमकेतूंच्या शेपटातून सुटलेली, पृथ्वी जन्मायच्याही आधीची धूळ सतत खाली येत असते. ती आपल्या छपरांवरही पडते, पण इथल्या धुळीत मिसळून ओळखू येईनाशी होते. वर मात्र ती एकटी असते. त्या धुळीसाठी बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती, आणि म्हणूनच त्यांचं खरं नाव लोक विसरले होते.

छोटीनं डब्याभोवतीचं, झाकण तेवढं मोकळं सोडून गुंडाळलेलं प्लास्टिक भराभर ओरबाडून काढलं. तळाच्या जोडावर चिकटवलेली कागदी पट्टी तिच्याच सहीची होती आणि जशीच्या तशी होती. तिनं ती कापली. बाईंनी पहिली तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, मग दुसरी, मग तिसरी. 

शेवटची तबकडी खाली ठेवून बाई म्हणाल्या, "कोरी आहे. सगळ्या कोऱ्या आहेत."

चार कण कमी मिळाले असते तर ते नशीब म्हणता आलं असतं. इतके तास उघड्या राहिलेल्या तेलावर एकही कण चिकटू नये, असं होतच नाही. या तबकड्या उघडल्याच गेल्या नव्हत्या. आणि तरीही आदल्या दिवशी नियंत्रण कक्षात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर संदेश आला होता, की तबकड्या उघडल्या.

संचालकांनी काचेतून छोटीकडे पाहिलं. तो संदेश पाठवणारी यंत्रणा तिनं बनवली होती.

२

चौकशीसाठी जिला बोलावलं, ती विमान अपघातांची तपासनीस होती. आकाशातून खाली आलेली वस्तू म्हणजे दुर्घटना, एवढंच ती आयुष्यभर शिकली होती. जळालेले पंख, वाकलेली आसनं, रडणारे नातेवाईक. इथे आल्यावर तिला पहिली गोष्ट दाखवली ती डबा खाली आणणारी हवाईछत्री. धुवून दोरीवर वाळत घातली होती, एखाद्या घरातली चादर असावी तशी. ती जरा वेळ त्या छत्रीकडे बघतच राहिली.

संचालक सरळ मुद्द्यावर आले. त्यांचं म्हणणं असं, की उड्डाणाआधीच्या चाचणीत डब्याचं झाकण एकदा अडकलं होतं. छोटीनं ते दुरुस्त केल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ते दुरुस्त झालंच नसावं, आणि आपली फजिती झाकायला तिनं यंत्रणेला खोटं बोलायला शिकवलं असावं. हे खरं निघालं तर तिला कुठल्याच प्रयोगशाळेचं दार उघडणार नव्हतं.

"तुमचं यात काय नुकसान झालं?" तपासनीसनं विचारलं.

संचालक वैतागून म्हणाले, की केंद्र याच महिन्यात बंद व्हायचं होतं. गोदामात एकच मोठा फुगा उरला होता. धूळ मिळाली की काम संपलं, फुगा दुसऱ्या संस्थेला द्यायचा आणि इथे कुलूप लावायचं, असं वरून ठरलं होतं. धूळ मिळाली नाही, तर मात्र तो शेवटचा फुगाही उडवायचा. म्हणजे आणखी काही महिने त्यांना या माळावर काढावे लागणार होते. त्यांच्या घरी मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

छोटी तिच्या टेबलाशी बसली होती. नावाप्रमाणेच लहानखुरी, डोळे सुजलेले. झाकण अडकलं होतं हे तिनं लगेच कबूल केलं. त्यातला एक स्क्रू बदलल्यावर ते नीट चालायला लागलं, आणि मग तिनं ते पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं होतं. उड्डाणाच्या सकाळी तिनं नेहमीप्रमाणे दोन डबे तयार केले होते. अगदी एकसारखे, दोन्हींत तबकड्या, दोन्हींवर तिच्या सहीची पट्टी. ऐनवेळी एकात बिघाड निघाला तर दुसरा पाठवता यावा म्हणून. पण पहिला ठीक होता. तोच पाळण्यात बसवला. फुग्याखाली लटकणाऱ्या सांगाड्याला इथे पाळणा म्हणत. दुसरा डबा बांधणीच्या दालनातल्या कपाटात राहिला.

ती बोलत होती तेव्हा टेबलावर पडलेला एक प्लास्टिकचा तुकडा तपासनीसच्या हाताला लागला. काचसामान गुंडाळतात ते, हवेच्या बारीक फुगवट्यांचं प्लास्टिक. असा तुकडा हातात आला की कुणाचीही बोटं गप्प राहत नाहीत. तिनं एक फुगवटा दाबला, तो पट्‌कन फुटला. मग दुसरा. छोटी म्हणाली, डब्याभोवतीचंच आहे ते, त्या सकाळी घाईत काढून टाकलेलं.

"बाई तुम्हाला काय म्हणाल्या?" तपासनीसनं विचारलं.

छोटीनं खाली पाहिलं. "काहीच नाही. तू केलंस का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या, जेवून घे." मग डोळे पुसत, "त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तपासनीस उठली. मुलगी खरं बोलत होती, असं तिला वाटत होतं. पण मग आकाशातल्या त्या बंद डब्याला, जिथे माणसाचा हात पोचूच शकत नाही तिथे, कुणी खोटं बोलायला लावलं होतं?

३

पाळणा माळावर उतरला, तेव्हा तो आणायला गाडीतून दोघं गेले होते. चालक आणि कप्तान. चालकाला विचारल्यावर तो आधी चाचरला. येताना उशीर का झाला, याचं उत्तर त्याला देता येईना. शेवटी कळलं ते असं, की वाटेत त्याच्या मुलीची शाळा होती आणि त्यानं गाडी तिथे थांबवली होती. कप्तानांनी स्वतः छत्री मैदानावर पसरून मुलांना दाखवली. मुलं तिच्या कडेनं गोल बसली, आणि कुणालाही उठवेना. गाडी तेवढा वेळ उघडीच होती. पण पाळण्याला कुणी हात लावला नव्हता, हे तो पोरीची शपथ घेऊन सांगायला तयार होता. केंद्र बंद झालं की त्याची बदली त्याच्या गावाजवळ होणार होती. सामान अर्धंअधिक बांधून झालं होतं. हे प्रकरण लांबल्यानं त्याची बायको त्याच्यावरच चिडली होती.

केंद्रात परतल्यावर पाळणा बांधणीच्या दालनात उतरवून चालक गाडी धुवायला अंगणात गेला. डबा पाळण्यातून काढून धूळबाईंकडे देणं हे कप्तानांचं काम, ते त्यांनी केलं. मधे संचालक दालनात येऊन सगळ्यांचं अभिनंदन करून गेले. बाई आणि छोटी तोवर स्वच्छ खोलीत तयारी करत होत्या. डबा हातात येईपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत. रात्रभर डबा त्याच खोलीत होता आणि दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस मैदानावर गेली. वरच्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला कप्तान रोज एक छोटा फुगा सोडत. माणूस उंच, पाठ किंचित वाकलेली, बोलणं कमी. त्यांनी न विचारता फुग्याची दोरी तिच्या हातात दिली. फुगा तिच्या छातीएवढाच होता, पण तो तिला वर ओढत होता, हळू आणि न थांबता, जणू त्याला कुठे जायचंय ते ठाऊक होतं.

"ढकलायचं नाही," कप्तान म्हणाले. "फक्त हात सोडायचा."

तिनं हात सोडला. फुगा क्षणभर तिच्या चेहऱ्यासमोरून गेला आणि मग जात राहिला. तिनं हजारदा आकाशाकडे पाहिलं होतं, पण त्याची खोली तिला पहिल्यांदाच कळली, कारण आता त्यात मोजायला एक ठिपका होता. मान भरून आली तरी तिला खाली बघवेना. ठिपका दिसेनासा झाला, तेव्हा तिच्या तोंडून गेलं, "आज आणखी एक सोडता येतो का?"

कप्तान हसले. सगळे हेच विचारतात, म्हणाले. मोठ्या फुग्याबद्दल त्यांनी मग आपणहूनच सांगितलं. पावाच्या पिशवीहूनही पातळ कापड, आणि ते या मैदानाइतकं. जमिनीवर असताना त्याच्या टोकालाच काय तो वायूचा बुडबुडा असतो, बाकीचा फुगा दोरासारखा खाली लोंबतो. जसजसा वर जातो तसतसा बाहेरचा दाब कमी होतो आणि तो फुलत जातो. शेवटी एवढा होतो की त्यात हे अख्खं केंद्र, झाडांसकट, मावावं. दिवसाउजेडी तो चंद्रासारखा दिसतो. सोडताना हाताला जे जाणवतं ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली.

आता पुढे काय, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, मुलीकडे जायचं. नवव्या मजल्यावर घर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

ते आत निघून गेले. तपासनीस मैदानावरच उभी राहिली. दाब कमी झाला की हवा फुलते. हे तिला विमानांमुळे पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी आत्ता ते कानात पहिल्यांदाच पडल्यासारखं वाटत होतं. बोटांच्या टोकांना काहीतरी आठवलं. ती वळली आणि जवळजवळ पळतच बांधणीच्या दालनाकडे निघाली.

४

पाळणा दालनाच्या कोपऱ्यात तसाच उभा होता. त्याच्या आतल्या बाजूला धक्के बसू नयेत म्हणून तेच फुगवट्यांचं प्लास्टिक लावलं होतं. तिनं त्यावर अंगठा दाबला. काहीच झालं नाही. दुसरीकडे दाबला, तिसरीकडे दाबला. फुगवटे मेलेले होते, चपटे, वाळल्या पानासारखे. वरच्या त्या पोकळीत त्यांतली हवा फुगली होती आणि एकेक करून ते सगळे फाटले होते.

आणि छोटीच्या टेबलावरचा तुकडा पट्‌पट् फुटत होता.

ज्या डब्यावर ते प्लास्टिक होतं, तो डबा आकाशात गेलाच नव्हता.

तिनं बाई, छोटी, संचालक, चालक आणि कप्तान, सगळ्यांना दालनात बोलावून घेतलं. ते आले. लांबलचक टेबलावर, जिथे फुग्याच्या पट्ट्या जोडत, आता काही नव्हतं. तिनं छोटीला कपाट उघडायला सांगितलं. आत, मऊ कापडावर, दुसरा डबा नीट ठेवलेला होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, सहीची पट्टी शाबूत.

"दाबून बघ," तपासनीस म्हणाली.

छोटीनं प्लास्टिकवर बोट दाबलं. आवाज झाला नाही. तिनं दुसऱ्यांदा दाबलं. मग तिनं हात डब्यावरून काढून पाठीमागे नेला, जणू डबा तापलेला होता.

इतके दिवस सगळे ज्याच्यासाठी रडत होते, तो याच खोलीत, कुलूपही नसलेल्या कपाटात बसून होता.

५

तपासनीसनं घाई केली नाही. तिनं आधी छोटीचं नाव मोकळं केलं. डबे बदलले गेले ते पाळणा दालनात आल्यावर आणि डबा स्वच्छ खोलीत जाण्याआधी, कारण बदलायचा डबा या कपाटात होता. तेवढ्या वेळात छोटी आणि बाई एकमेकींसमोर होत्या. आकाशातून आलेला संदेश खराच होता. झाकण उघडलं होतं आणि तबकड्या बाहेर आल्या होत्या.

मग राहिले तिघं, जे त्या वेळी दालनात येऊन गेले.

"चोरानं डबा नेला असता," ती म्हणाली. "वैऱ्यानं तो फोडला असता. ज्यानं हे केलं त्यानं दोन्ही केलं नाही. पट्टीलाही हात लावला नाही, उलट खाली कापड घातलं. त्याला धूळ नको होती, आणि धुळीचं वाईटही करायचं नव्हतं. ती फक्त आत्ता मिळू नये, एवढंच त्याला हवं होतं."

धूळ न मिळाल्यानं कुणाचं काय झालं, ते तिनं एकेकाचं सांगितलं. संचालकांचा मुक्काम लांबला. चालकाची बदली अडली. दोघांनाही हे प्रकरण लवकर संपायला हवं होतं. धूळ मिळाली नाही तर घडणारी गोष्ट एकच होती. गोदामातला शेवटचा फुगा उडणार होता.

"आणि तो उडायला हवा, असं कुणाला वाटेल, हे मला आज सकाळपर्यंत कळलं नसतं," ती म्हणाली. "एक छोटासा फुगा सोडला, आणि मीच आणखी एक मागायला लागले."

कुणीही कप्तानांकडे पाहिलं नाही. त्यांनीच खुर्ची ओढली आणि ते बसले.

त्यांनी काही नाकारलं नाही. पाळण्यातून डबा काढला तेव्हा असं काही मनात नव्हतं, म्हणाले. कपाट समोर होतं. तिथे तसाच डबा दिसला. शेवटचा फुगा उडून गेला की खरा डबा आपण पुढे आणणार होतो, चुकून अदलाबदल झाली म्हणून सांगणार होतो. छोटीवर बालंट येईल, हे सुचलंच नाही.

"आलं तेव्हा?" तपासनीसनं विचारलं.

"आलं तेव्हा बोलायला हवं होतं. रोज सकाळी ठरवत होतो." ते छोटीकडे वळले. "पोरी, मी तुझं वाईट केलं."

छोटी रडत नव्हती. "काका," ती म्हणाली, "मला यातून बाहेर यायला वेळ लागेल." एवढंच बोलून ती डब्याशेजारी जाऊन उभी राहिली.

आता सगळ्यांचं लक्ष धूळबाईंकडे गेलं. त्यांनी नवऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. 

"सरळ ठेवला होतास ना?" त्यांनी शेवटी विचारलं. "आडवा नाही केलास?"

"सरळ," कप्तान म्हणाले. "आणल्यापासून सरळच."

बाईंनी मान हलवली आणि पांढरा पोशाख घालायला निघून गेल्या.

६

पट्टी या वेळी बाईंनी कापली. पहिल्या तबकडीवरच पहिला कण सापडला. काळ्या द्राक्षांचा इवलासा घड असावा, तसा तो दिसत होता. केसाच्या जाडीत असे कितीतरी बसले असते. बाई बाजूला झाल्या आणि त्यांनी छोटीला बघायला दिलं, मग संचालकांना, मग पोशाख चढवायला लावून तपासनीसलाही. सूर्य नुकता पेटत होता तेव्हाचं काहीतरी एका काचेवर पडलेलं ती पाहत होती. 

तिसऱ्या तबकडीवर मात्र असं काही निघालं, जे बाई आणि छोटी, दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. हिरवट, पारदर्शक, पात्यासारखे कण, एका ओळीत. छोटीनं ते दिवसभर तपासलं. संध्याकाळी ती संचालकांकडे गेली आणि तिनं सांगितलं, की हे एकदा सापडलं म्हणून कुणी मानणार नाही. ते पुन्हा सापडायला हवं. संचालकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना नाही म्हणवलं नाही. शेवटचा फुगा उडवायचा ठरला.

कप्तानांनी डबा बदलला नसता, तरीही हेच झालं असतं. ही गोष्ट त्यांना कुणी बोलून दाखवली नाही, पण ती त्यांना समजली होती. त्यांनी काम सोडलं. सोडावं लागलं, असंही म्हणता येईल. तपासनीसनं अहवालात जे घडलं ते घडलं तसं लिहिलं, आणि छोटीच्या निर्दोषपणाचा मजकूर पहिल्याच पानावर घेतला.

उड्डाणाच्या दिवशी ती रजा काढून आली. बोलावणं छोटीचं होतं. वारा पडला होता. मैदानावर ते पातळ कापड उलगडलं जात होतं, आणि कप्तानांच्या हाताखाली तयार झालेला माणूस इशारे देत होता. कप्तान स्वतः कुंपणाबाहेर उभे होते. त्यांना आत यायला मनाई नव्हती, पण ते आले नाहीत. तपासनीस त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. 

वायू भरायला लागला, तसा फुग्याचा माथा उठला. आधी माणसाएवढा, मग घराएवढा. उन्हात तो पारा असावा तसा चमकत होता. तेवढ्यात मागून पावलं वाजली. धूळबाई आल्या होत्या. अंगात नियंत्रण कक्षातलं लोकरी जाकीट, कारण तिथली यंत्रं थंड ठेवावी लागत. खोलीला एकही खिडकी नव्हती, आणि प्रत्येक उड्डाणाच्या वेळी त्या तिथेच पडद्यांसमोर बसलेल्या असत. आज पहिल्यांदाच त्यांनी ती जागा छोटीला दिली होती.

फुगा सुटला. आवाज झाला नाही. टोकाचा बुडबुडा उचलला गेला आणि मैदानावर पसरलेलं लांबच लांब कापड त्याच्यामागे एकेक घडी सोडत उभं राहत गेलं, इतकं उंच की ते संपतच नव्हतं. शेवटी त्याच्या तळाशी पाळणा अलगद जमिनीवरून सुटला. आणि ते सगळं, एखादा विचार मनातून निघून जावा तसं, वर जायला लागलं.

धूळबाईंनी कुंपणाची तार पकडली.

"दर वेळी असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी," कप्तान म्हणाले.

"आणि तू मला कधी बाहेर बोलावलं नाहीस."

 बाई एक पाऊल सरकून कप्तानांच्या जवळ उभ्या राहिल्या. फुगा आता ढगांच्या वर गेला होता आणि अजून फुलत होता. बाईंच्या जाकिटाच्या खिशात फोन वाजत होता. आतून बोलावणं होतं. त्यांनी तो वाजू दिला.